दाताळं

महिन्यातून एकदा येते मी इथं, मीटर वाचायला.
एकोणीस घरं. चाक फिरतं फक्त तिघांत.
बाकीच्यांत आकडा तिथंच थिजलेला,
शेवटचा दिवा मालवला कुणी, त्या रात्रीचा.

रीगाहून निघालं की शेवटचा तास नुसता पाइनच्या रानातला,
पांढऱ्या धुळीचा.
पाटीवर गावाचं नाव दोनदा:
वर राज्याच्या भाषेत, खाली गावाच्या.
खालचं वाचणारा उरलाय एकटा डिड्रिक,
आणि त्याला चष्मा लागतो.

माशाला कला. होडीला लोया.
समुद्राला मेर.
तीन वर्षांत तीन शब्द दिलेत त्यानं मला,
तेही बिलाची पावती घेताना, सुटे पैसे मोजावेत तसे.

हे लोक स्वतःला किनारकर म्हणवायचे.
राजा कुठला, झेंडा कुठला, असं विचारलं कुणी
तर पाण्याकडे बोट दाखवायचे.
त्या पाण्याला भरती नाही, ओहोटी नाही.
गेलेलं काही आपसूक परत येत नाही.

पहिल्या लढाईत जर्मनांनी गाव उठवलं.
परतल्यावर आधी विहीर उपसली,
मग बटाट्याच्या वाफ्यात पुरलेली प्रार्थनाघराची घंटा.
तिला अजून एका बाजूला माती आहे म्हणे,
म्हणून तिचा आवाज बसका.

दुसऱ्या लढाईच्या शेवटी डिड्रिकचा बाप आल्फोन्स
मध्यरात्री लोया ढकलून स्वीडनच्या दिशेनं गेला.
"रविवारपर्यंत," एवढंच म्हणाला.
डिड्रिक सहा वर्षांचा. कुठला रविवार
हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

मग शिपाई आले. काठाला तार, रानात मनोरा.
सूर्य मावळला की समुद्र बंद,
दुकानाची फळी लावावी तसा.
रोज संध्याकाळी घोड्यामागे दाताळं बांधून
सगळी रेती विंचरून काढायचे,
आणि सकाळी एखादं पाऊल उमटलेलं दिसलं
तर गावभर चौकशी:
कुणाचं, कुठं चाललेलं, जोडा किती नंबरचा.
एकदा तर लिझेटच्या हरवलेल्या शेळीसाठी
चार दिवस ठाण्यावर बसवून ठेवलं तिला.

होड्या ट्रॅक्टरनं ओढून रानात पालथ्या घातल्या.
लिझेटनं एक मधोमध कापली,
अर्धी उभी करून मासे धुरवायला भट्टी केली.
मासे मात्र सरकारी ट्रकमधून यायचे,
लांबच्या बंदरावरून, बर्फात, डोकी छाटलेले.
उरलेल्या अर्धीच्या बरगड्यांतून एक पाइन वर आला.
आता माझ्या कवेत मावत नाही.

शिपाई गेले तेव्हा मनोरा ठेवून गेले, तार ठेवून गेले,
दोन कुत्री ठेवून गेले.
कुत्री लिझेटनं घेतली.
दाताळं डिड्रिकनं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी
पायरीपासून पाण्यापर्यंत एक पट्टा तो विंचरतो.
सत्याऐंशी वर्षांचा माणूस, घोड्याविना.
मी विचारलं, कशाला?
"ते ओढायचे, जाणारा कळावा म्हणून,"
म्हणाला. पुढं काहीतरी होतं ओठांवर.
मग म्हणाला, "युनिट किती झाले?"

ऑक्टोबरात एकदा गाडी बिघडली,
लिझेटच्या पुतणीकडे रात्र काढली.
उजाडताना पट्टा पाहून आले:
कोल्ह्याची एक ओळ, वाकडी. कुरव पक्ष्याचे तीन ठसे.
बाकी वारा.

का ते नीट सांगता येणार नाही.
दीपस्तंभाकडून वळसा घातला, जोडे काढले,
घोटाभर पाण्यात उतरले (हाडं कळवळली)
आणि पाण्यातून निघून
सरळ त्याच्या पायरीपर्यंत चालत आले.

दार वाजवलं. "मीटर," म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही.
माझ्या खांद्यावरून मागे, खाली,
बराच वेळ.

मग चष्मा आणायला आत गेला.